ताम्रसंजीवनी कक्ष

"हे काळं का पडलंय?"

तात्यासाहेबांनी पाळण्याच्या कठड्यावरून तर्जनी फिरवली, ती डोळ्यांजवळ नेली, मग नाकाजवळ नेली आणि शेवटी अधीक्षक डॉ. हेरवाडकरांच्या पांढऱ्या कोटाच्या बाहीला पुसली. नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात येताना चपला बाहेर काढायच्या आणि हात धुवायचे, हे आवळे सिस्टरांनी त्यांना दाराशीच सांगितलं होतं. चपला त्यांनी काढल्या होत्या. हात धुतले नव्हते, कारण विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षांना हात धुवायला लावणं बरं दिसणार नाही, असं डॉक्टरांना वाटलं होतं.

"तांबं आहे साहेब," डॉक्टर म्हणाले. "हवेनं काळवंडतं."

"आमच्या देवघरातला कलश नाही काळवंडत."

"तो रोज घासतात साहेब."

"मग हे का घासत नाही?"

या प्रश्नावर डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी रुग्णालयाच्या जंतुशास्त्र प्रयोगशाळेत टेक्निशियन होतो. ज्या प्रश्नाला उत्तर नसेल किंवा उत्तर असून द्यायचं नसेल, तो माझ्याकडे वळवायची तिथे पद्धत होती.

"साहेब, काळं पडलं तरी ते काम करतं," मी म्हणालो. "जंतू मारायला चमक लागत नाही."

"तुझं आडनाव काय म्हणालास?"

"लोखंडे."

"मग तुला तांब्यातलं काय कळणार?"

तात्यासाहेब हसले. डॉक्टर हसले. मीही हसलो. बारा पाळण्यांपैकी एकातलं बाळ रडायला लागलं.

"मंत्री तीन आठवड्यांनी येतायत," तात्यासाहेब म्हणाले. "फोटो निघणार. ही स्मशानातल्या भांड्यांसारखी कळा मला नको. सोन्यासारखं दिसलं पाहिजे."

ही गोष्ट कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावातली, तिथल्या धर्मादाय रुग्णालयातली. तेव्हा माझी तिथं एकोणीस वर्षं झाली होती. त्याच्या आदल्या हिवाळ्यात, एका महिन्यात आमच्या नवजात विभागातल्या पाच बाळांच्या रक्तात जंतू गेले. पाचही नमुन्यांत एकच जंतू मिळाला. मी विभागभर कापसाचे बोळे फिरवले तेव्हा तोच जंतू पाळण्यांच्या स्टीलच्या कठड्यांवर, औषधांच्या कपाटाच्या मुठीवर आणि नळाच्या तोटीवर सापडला. फरशी दिवसातून तीनदा पुसली जायची, कठडे औषधाच्या पाण्यानं पुसले जायचे. पण स्टील पुसलं की अर्ध्या तासात कुणाचा तरी हात लागतो, आणि हातावरचे जंतू स्टीलवर दिवसच्या दिवस मजेत राहतात.

त्यावर सभा भरली. नेमके त्याच आठवड्यात तात्यासाहेब जावयाकडे परदेशी जाऊन आले होते आणि विमानात शेजारी बसलेल्या गृहस्थानं त्यांना सांगितलं होतं, की तांब्यावर जंतू तास-दोन तासांत मरतात. तात्यासाहेबांनी सभेत अर्धा तास आपल्या पूर्वजांना हे कसं आधीच ठाऊक होतं यावर भाषण केलं. पूर्वजांना ठाऊक होतं तर ते कळायला विमानात का बसावं लागलं, हे कुणी विचारलं नाही.

पण खरं सांगायचं, तर कल्पना चांगली होती. उजवीकडच्या सहा पाळण्यांच्या कठड्यांवर तांब्याचे पत्रे चढवले. त्या बाजूच्या मुठी, तोट्या, सलाइनचे स्टँड, सगळं तांब्याचं केलं. डावीकडचे सहा पाळणे होते तसेच स्टीलचे ठेवले. मी दर सोमवारी दोन्ही बाजूंचे नमुने घ्यायचो आणि त्यांतले जंतू काचेच्या प्लेटवर वाढवून बघायचो. स्टीलच्या प्लेटवर दोनशे-तीनशे ठिपके उठत. तांब्याच्या प्लेटवर पंधरा-वीस, कधी चार, एकदा तर काहीच नाही. माझाच काही घोटाळा झाला असेल म्हणून ती प्लेट मी पुन्हा लावली. पुन्हा तेच. दोन महिन्यांत तांब्याच्या बाजूला एकाच बाळाला संसर्ग झाला, तोही किरकोळ. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मी घरी जेवताना बायकोला जंतूंबद्दल उत्साहानं सांगितलं. "जेवताना नको," एवढंच ती म्हणाली.

वर्तमानपत्रात बातमी आली. फोटो तात्यासाहेबांचा होता. मग ठरलं, की विभागाचं उद्घाटन मंत्र्यांच्या हस्ते करायचं. विभाग तीन महिने चालू होता, त्यात पोरं येत होती, बरी होऊन घरी जात होती. पण उद्घाटन न झाल्यामुळे तो अधिकृतपणे चालू नव्हता. त्याला नाव मिळालं, 'ताम्रसंजीवनी कक्ष'. पाटी पितळेची केली.

आणि मग तात्यासाहेबांनी कठड्यावर बोट फिरवलं.

दुसऱ्या दिवशी एक पेंटर वार्निशचा डबा घेऊन आला, तेव्हा मी डॉक्टरांच्या खोलीत गेलो.

"डॉक्टर, वार्निश मारलं तर जंतूंचा तांब्याशी संबंधच येणार नाही."

"पारदर्शक आहे हो ते."

"आपल्याला पारदर्शक. जंतू तांब्याकडे बघून मरत नाहीत, त्याला चिकटून मरतात."

डॉ. हेरवाडकर वाईट माणूस नव्हते. तालुक्यातली निम्मी पोरं त्यांच्या हातून मोठी झाली होती. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले.

"लोखंडे, मी बालरोगतज्ज्ञ आहे. हे मला कळत नाही असं वाटतं तुम्हाला? तात्यासाहेबांच्या टेबलावर माझा दोन व्हेंटिलेटरचा अर्ज पडलाय. आठ महिने झाले. उद्घाटन नीट झालं तर तो हलेल. वार्निश काय, नंतर काढता येतं."

"नंतर म्हणजे कधी?"

"नंतर म्हणजे नंतर."

पोरांना दोन दिवसांसाठी शेजारच्या खोलीत हलवलं. पेंटरनं दोन हात मारले. तिसऱ्या दिवशी तो विभाग मिठाईच्या दुकानासारखा झळकत होता. आवळे सिस्टरांनी आत पाऊल टाकलं, नाक मुरडलं आणि म्हणाल्या, "आता पोरांना चांदीचा वर्ख लावायचा राहिलाय." त्या दुपारी त्या लेकीच्या बाळंतपणासाठी सोलापूरला रजेवर गेल्या.

पुढच्या सोमवारी मी नेहमीसारखे नमुने घेतले. बुधवारी प्लेटा बाहेर काढल्या. तांब्याच्या बाजूचे ठिपके स्टीलएवढेच होते. एके ठिकाणी जास्तच, कारण पेंटरच्या ब्रशनं वार्निशला बारीक वळ्या पडल्या होत्या आणि त्यांत घाण बसत होती. मी ठिपके मोजले, अहवाल लिहिला आणि डॉक्टरांपुढे ठेवला.

त्यांनी तो वाचला. शेवटपर्यंत वाचला, हे मी पाहिलं.

"आधीचा दोन महिन्यांचा अहवाल छापायला गेलाय ना?"

"हो."

"मग हा तुमच्याकडेच ठेवा सध्या."

"डॉक्टर, उजवीकडे सहा पोरं आहेत."

"डावीकडेही सहा आहेत. स्टीलवर. त्यांची काळजी तुम्ही आजवर कधी अशी माझ्या खोलीत येऊन केली नव्हती."

मी अहवाल माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला. ड्रॉवरला कुलूपही लावलं, जणू अहवाल पळून जाणार होता.

त्या विभागाची सफाई आक्काताईंकडे होती. कंत्राटावरच्या बाई, पन्नाशीच्या, अकरा वर्षं तिथंच. पाळण्यातल्या प्रत्येक पोराचं वजन त्यांना सिस्टरांच्या आधी ठाऊक असायचं. वजनकाट्याशेजारीच त्यांची बादली असे. गुरुवारी दुपारी मी विभागात गेलो तेव्हा त्या चार नंबरचा कठडा पुसत होत्या.

"साहेब, ह्याला आता हात लावला की प्लास्टिकला लावल्यावानी वाटतंय," त्या म्हणाल्या. "तांबं गार लागतं. ह्ये न्हाई लागत."

अध्यक्ष, अधीक्षक आणि पेंटर या तिघांना जे बोटाला कळलं नव्हतं, ते या बाईला कळलं होतं.

"प्रयोगशाळेत या," मी म्हणालो. "दाखवतो काही."

मी दोन प्लेटा त्यांच्यापुढे ठेवल्या. वार्निशच्या आधीची आणि नंतरची. त्या कमरेवर हात ठेवून वाकल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"ह्यो एकेक ठिपका म्हंजे एकेक किडा?"

"एका किड्यापासून एक ठिपका. ठिपक्यात लाखभर तरी असतील."

"आन् ह्ये पोरांच्या उशाला."

"हो."

"दागदरास्नी म्हाईत हाय?"

"माहीत आहे."

डॉक्टरांना माहीत असून काही होत नाही, यात त्यांना आश्चर्य वाटण्यासारखं काही नसावं.

"वार्निश निघतंय कशानं?"

आता मी जे बोललो ते नीट सांगतो. कारण नंतर मी ते स्वतःलाच वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगून पाहिलं आहे. मी म्हणालो, की ॲसिटोननं निघतं. पण त्याचा वास वाईट. विभागात उघडायचं नाही. बाळ शेजारच्या खोलीतल्या जादा पाळण्यात हलवायचं, हा पाळणा मागच्या व्हरांड्यात न्यायचा, कापडाला ॲसिटोन लावून वार्निश मऊ करायचं, तारेच्या काथ्यानं घासायचं, साबणानं दोनदा धुवायचं, उन्हात वाळवायचं, वास पुरता गेला की मगच आत आणायचं. पाककृती सांगावी तसं मी सगळं सांगितलं. 'करा' असं म्हणालो नाही. 'करू नका' असंही म्हणालो नाही. ॲसिटोनची बाटली टेबलावर होती. ती मी टेबलाच्या त्यांच्या बाजूला सरकवली आणि हात धुवायला गेलो. परत आलो तेव्हा बाटली नव्हती.

आक्काताईंनी चार दुपारींत सहाही पाळणे घासले. डॉक्टर दुपारी घरी जेवायला जात आणि चारला परत येत; त्या मधल्या वेळात मागच्या व्हरांड्यातून खसखस आवाज यायचा. मी दोनदा खिडकीतून पाहिलं. त्यांनी पदर खोचलेला असे आणि त्या पाळण्याशी बोलत असत. नक्की काय, ते ऐकू यायचं नाही. बदलीच्या सिस्टरनं काही विचारलं नाही. मावशी पाळणा घासतेय, यात विचारण्यासारखं काय आहे. शेवटी त्यांनी मुठी आणि तोट्या केल्या.

मी ठरलेला दिवस सोडून मुद्दाम रविवारी नमुने घेतले. मंगळवारी उद्घाटन होतं. सोमवारी सकाळी प्लेटा उघडून पाहिल्या. अकरा ठिपके, सात, एक. मी धावत विभागात गेलो.

"आक्काताई, पास झालात."

"किती मार्कानं?"

"पहिल्या वर्गात."

त्या तोंडावर हात ठेवून हसल्या. मग म्हणाल्या, "चार नंबरची पोर आज दूध ओढाया लागलीया." आणि बादली उचलून पुढच्या पाळण्याकडे गेल्या.

त्याच दिवशी अकराच्या सुमारास तात्यासाहेब मंडपवाल्याला घेऊन रंगीत तालमीला आले. मंत्री कुठून येणार, कुठे थांबणार, फीत कुठे बांधायची, हे सगळं पाहून ते आत शिरले. आत सहा पाळण्यांचे कठडे हातांनी आणि औषधाच्या पाण्यानं पुन्हा तपकिरी, मळकट, मधूनमधून काळपट, मूळ तांब्याच्या रंगाचे उभे होते.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "हेरवाडकर, आपण तुमच्या खोलीत बोलू."

खोलीत तात्यासाहेब डॉक्टरांच्या खुर्चीत बसले. डॉक्टर समोरच्या, पेशंटच्या खुर्चीत बसले. मला बोलावणं आलं तेव्हा आक्काताई आधीच दाराशी उभ्या होत्या. कुणी शोध घेतला नव्हता. त्या स्वतःहून आल्या होत्या.

"तू घासलंस?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"व्हय."

"कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. मला घाण वाटलं."

"सोन्यासारखं झळकत होतं ते, ते तुला घाण वाटलं?"

"झळकत हुतं. खाली घाण हुती."

"कशानं घासलंस?"

"घासायच्या पावडरीनं," त्या म्हणाल्या. घासायच्या पावडरीनं वार्निश निघत नाही, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या प्रयोगशाळेतला ॲसिटोनचा वास त्यांना एकोणीस वर्षांपासून माहीत होता.

"लोखंडे," ते म्हणाले. त्यांचा आवाज अगदी मऊ होता. आज विचार केला की वाटतं, त्यांनी मला संधीच दिली. "तुम्ही या विषयातले जाणकार. मला फक्त शास्त्रीय दृष्टीनं सांगा. वार्निश असण्या-नसण्यानं जंतूंच्या बाबतीत काही फरक पडतो का?"

माझ्या खिशात सकाळच्या प्लेटांचे आकडे लिहिलेला कागद होता. अकरा, सात, एक. बोट न लावताही मला तो जाणवत होता.

तात्यासाहेब माझ्याकडे बघत होते. उद्या व्यासपीठावर माझा सत्कार होता, हे त्यांनीच ठरवलेलं. माझ्या मुलीची बारावी होती. रुग्णालयाचं क्वार्टर होतं. ही कारणं तेव्हा मनात आली की नंतर, हे मला खरोखर सांगता येत नाही. नंतर आली असावीत. तेव्हा मनात एवढंच होतं, की सगळे माझ्याकडे बघतायत.

"तसं नक्की सांगता येणार नाही साहेब," मी म्हणालो. "त्यावर स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा."

तोवर मी असं वाक्य फक्त परिषदांमध्ये ऐकलं होतं. ते माझ्या तोंडून इतकं सफाईदार निघालं, की माझं मलाच नवल वाटलं.

आक्काताईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. राग नव्हता. माणूस उंबऱ्याला ठेचकाळला की मागे वळून उंबऱ्याकडे बघतो, तसं.

"बघा, जाणकार काय म्हणतात," तात्यासाहेब म्हणाले. "बाई, तू उद्यापासून येऊ नको. कंत्राटदाराला मी सांगतो."

"आज पुसून जाते," आक्काताई म्हणाल्या. "फरशी अर्धी राहिलीया."

त्यांनी उरलेली फरशी पुसली आणि मग घरी गेल्या.

पेंटर दुपारी आला. या वेळी सगळी पोरं हलवायला वेळ नव्हता. एक-एक पाळणा बाहेर नेऊन वार्निश मारलं आणि ओलसर असतानाच आत आणलं. शेजारच्या पाळण्यांतली पोरं त्या वासानं शिंकत राहिली.

मंत्री अडीच तास उशिरा आले. त्यांच्याबरोबर चाळीस माणसं होती. बारा पोरांच्या विभागात ती सगळी शिरली, कारण आत न शिरलेला कार्यकर्ता कुणाच्याच फोटोत आला नसता. हात कुणी धुतले नाहीत. मंत्र्यांनी झळकणाऱ्या कठड्यावर हात ठेवला, त्यात आपला चेहरा पाहिला आणि केस नीट केले. भाषणात ते म्हणाले, की आमची आजी तांब्याच्या हंड्यातलं पाणी प्यायची, म्हणून ती ब्याण्णव वर्षं जगली. टाळ्या झाल्या. मग माझं नाव पुकारलं गेलं. शाल, श्रीफळ. मी छापील अहवालातले आकडे वाचून दाखवले. ऐंशी टक्के घट. नव्वद टक्के घट. त्यात एकही आकडा खोटा नव्हता. सगळे फक्त जुने होते.

तात्यासाहेब त्यानंतर त्या विभागात पुन्हा कधीच आले नाहीत. येण्याचं कारणच उरलं नव्हतं. उद्घाटन झालं होतं. डॉक्टरांच्या अर्जातला एक व्हेंटिलेटर मंजूर झाला. तो पुढच्या वर्षी आला. वार्निश काढायची मी दोनदा आठवण करून दिली. "बघू," असं पहिल्यांदा उत्तर मिळालं. दुसऱ्यांदा मान हलली.

पुढच्या तीन महिन्यांत उजव्या बाजूच्या चार पोरांना संसर्ग झाला. दोन वाचली, दोन गेली. एक सातव्या महिन्यातलं होतं. ते कदाचित तसंही गेलं असतं. दुसरी मुलगी पूर्ण दिवसांची, अडीच किलोची, एका प्राथमिक शिक्षिकेची. कावीळ होती म्हणून चार दिवसांसाठी ठेवली होती. तिच्या रक्तात मला जो जंतू मिळाला, तोच तिच्या पाळण्याच्या कठड्यावर, वार्निशच्या वळीत मिळाला. यावरून काही सिद्ध होत नाही. जंतू हातानं येतो, नळीनं येतो, दुधाच्या वाटीनं येतो. त्याला वाटा पुष्कळ. मी हे स्वतःला बऱ्याचदा सांगितलं आहे, आणि शास्त्र म्हणून ते बरोबरच आहे.

त्या मुलीचे आई-बाप तिला घेऊन गेले, त्या दिवशी मी ड्रॉवरचं कुलूप काढलं. वार्निशच्या आधीचे, नंतरचे, आक्काताईंनी घासल्यानंतरचे आणि आताचे, असे सगळे आकडे एका कागदावर ओळीनं लिहिले. खाली सही केली, आवक-जावक विभागात शिक्का मारून घेतला आणि डॉक्टरांपुढे ठेवला. घासायचं कसं ते कुणी सांगितलं आणि ॲसिटोन कुणी दिलं, तेही त्यात लिहिलं होतं.

डॉक्टरांनी वाचलं. फोन उचलला आणि पेंटरला बोलावलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळं वार्निश निघालं. कुणाची परवानगी लागली नाही. सभा भरली नाही. कठडे पुन्हा तपकिरी झाले आणि एकाही विश्वस्ताच्या ते लक्षात आलं नाही. माझ्यावर कसलीच कारवाई झाली नाही. माझ्या कागदाला उत्तरसुद्धा आलं नाही. पुढच्या महिन्यात ठिपके कमी झाले, मग संसर्गही कमी झाले. जे काम एका बाईनं चार दुपारींत केलं होतं आणि एका दिवसात पुन्हा होऊ शकलं, त्यासाठी आम्हाला तीन महिने लागले होते.

मी कंत्राटदाराला भेटून आक्काताईंना परत घ्यायला सांगितलं. तो म्हणाला, जागा भरली.

त्यांना शोधायला मला आणखी दोन महिने लागले. म्हणजे शोधायला एक दिवस लागला; जायला दोन महिने. एका मंगल कार्यालयाच्या मागच्या बाजूला, नळाशी, त्या फळकुटावर बसून लग्नाची मोठमोठी पातेली घासत होत्या. मला पाहिल्यावर त्यांनी हातावरची राख धुतली आणि एक बादली पालथी घालून माझ्यापुढे ठेवली.

"बसा की साहेब."

मी बसलो. काय बोलायचं ते मी वाटेत पाठ केलं होतं.

"आक्काताई, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं."

"कशाला? दोघांची गेली असती."

"तरी बोलायला पाहिजे होतं."

"असंल," त्या म्हणाल्या. "मला वाटलं हुतं तुम्ही बोलशीला. मग वाटलं, न्हाई बोलले तर काय तरी कारण असंल. शिकल्याली मानसं."

मी मान खाली घातली.

"परत वार्निश मारलं म्हणं, मी गेल्यावर?"

"हो. पण आता काढलं. सगळं."

"काढलं न्हवं? मग झालं तर." त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर आनंद दिसला. मग त्या थांबल्या. "मधी काय झालं न्हाई न्हवं पोरास्नी?"

आतून लाउडस्पीकरवर कुणीतरी जेवायला बसायचं आवाहन करत होतं. आक्काताई ओल्या हातांनी, माझ्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत होत्या.

"नाही," मी म्हणालो. "सगळी सुखरूप घरी गेली."

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि पातेलं पुढे ओढून पुन्हा घासायला लागल्या. मी निघालो तेव्हा त्यांनी चहाला थांबायचा आग्रह केला. मी थांबलो नाही.

मी खोटं बोललो ते त्यांना त्रास होऊ नये म्हणून, असं मी घरापर्यंतच्या वाटेत ठरवत आणलं होतं. पण क्वार्टर तिथून फार लांब नव्हतं. पुरतं ठरलं नाही.